टिश्यूत सी३ चमकला म्हणजे काय? लेबल लावलेल्या अँटीबॉडीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात किडनी बायॉप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा ते लिहिलं होतं आणि त्यात एक ओळ होती की टिश्यूमध्ये कॉम्प्लिमेंटची प्रोटीन्स (सी३ हे त्यातलंच एक) साचलीयत का हे लेबल लावलेल्या अँटीबॉडीने बघतात. त्या एका ओळीवरच इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पेशंटचे नातेवाईक आहेत, विद्यार्थी आहेत, लॅबमध्ये काम करणारी मंडळी आहेत. नावं काढलीयत, प्रश्न थोडे छोटे केलेत. मी स्वतः बरीच वर्षं क्रायोस्टॅटपुढे (गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप करायचं मशीन) आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपपुढे काढलीयत, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, आईच्या किडनी बायॉप्सीत "आयजीए ३+, सी३ २+, मेसँजियममध्ये ग्रॅन्युलर" असं आलंय. पण रक्ताच्या तपासणीत सी३ नॉर्मल होता. मग किडनीत हा आला कुठून आणि खरा रिपोर्ट कुठला धरायचा?

दोन्ही खरे. ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत एवढंच. (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार, आयजीजी आणि आयजीएम हे दुसरे. मेसँजियम म्हणजे किडनीतल्या गाळणीचा मधला आधाराचा भाग, ग्रॅन्युलर म्हणजे दाणेदार.)

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातल्या तीसहून जास्त प्रोटीन्सची साखळी, बहुतेक लिव्हरमध्ये बनतात आणि एरवी गप्प फिरत असतात, काही खुपलं की एक दुसऱ्याला तोडतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत करत शेवटी जंतूच्या भिंतीला भोक पाडण्यापर्यंत मजल जाते. ज्यूल्स बोर्डे यांनी १८९०च्या दशकात याचं काम उलगडून दाखवलं, त्यांना १९१९चं नोबेल मिळालं. कॉम्प्लिमेंट हे नाव मात्र पॉल एर्लिख यांचं, अँटीबॉडीच्या कामाला पूरक म्हणून.

या सगळ्यांत सी३ सगळ्यात जास्त, लिटरभर प्लाझ्मात साधारण एक ग्रॅम किंवा थोडा वर. आता गंमत बघा. सी३ तुटला की सी३बी होतो आणि त्याच्या आत दडलेला थायोएस्टर बाँड उघडा पडतो, तो क्षणभरात शेजारी जो पृष्ठभाग मिळेल त्याला पक्का चिकटतो, आणि कुणी नाहीच मिळालं तर पाण्याशी जुळून वाया जातो. म्हणजे सी३ जिथे जागा झाला तिथेच, अगदी त्याच जागी खूण सोडतो, आणि ती खूण धुतली तरी निघत नाही. टिश्यूत सी३ शोधण्याची सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

रक्ताची तपासणी सांगते वाहतोय किती. बायॉप्सी सांगते चिकटलाय कुठे. आयजीए नेफ्रोपॅथीत (हा आजार पॅरिसमध्ये ज्यां बेर्जे आणि निकोल आँग्ले यांनी १९६८मध्ये याच फ्लुओरेसन्सच्या पद्धतीने ओळखला, साध्या स्टेनवर तो वेगळा काढताच आला नसता) कॉम्प्लिमेंट किडनीत थोडं थोडं खर्च होतं आणि लिव्हर ते भरून काढतं, म्हणून रक्तातला सी३ बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. याच्या उलट घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस इन्फेक्शननंतर किडनी सुजते तेव्हा रक्तातला सी३ चांगलाच उतरतो आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत परत वर येतो.

अजून एक, ते २+ आणि ३+ म्हणजे आजाराची दुसरी-तिसरी स्टेज नव्हे. पॅथॉलॉजिस्टने डोळ्याने ठरवलेली चमक आहे ती, कुणी ० ते ३ मोजतं कुणी ० ते ४. आईची किडनी किती खराब झालीय हे त्या आकड्यावरून नाही कळत, ते रिपोर्टच्या बाकीच्या भागात असतं, किती ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे बारीक गुच्छ) वाळलेत, फायब्रोसिस किती, ते डॉक्टरांना विचारा.

बीएस्सीला आहे. अँटीबॉडीला लेबल लावतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि ही कल्पना सुचली कुणाला?

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

अल्बर्ट कून्स नावाचे हार्वर्डचे डॉक्टर. १९३९च्या उन्हाळ्यात ते बर्लिनला होते आणि ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये हृदयात ज्या गाठी होतात, अॅशॉफ नोड्यूल्स, त्यांच्याबद्दल विचार करत होते. सगळे म्हणत की हा स्ट्रेप्टोकॉकसवरच्या इम्यून रिअॅक्शनचा परिणाम आहे, पण त्या गाठीत स्ट्रेप्टोकॉकसचा अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला पकडते तो अंश) खरंच आहे का हे कुणी पाहिलेलंच नव्हतं, आणि पाहायचं तरी कसं? तेव्हा त्यांना सुचलं की अँटीबॉडी आपलं सावज बरोबर शोधते, फक्त ती दिसत नाही, मग तिलाच चमकणारं काहीतरी जोडलं तर? १९४१मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसविरुद्धच्या अँटीबॉडीला अँथ्रासीनचा रंग जोडून दाखवला. तो निळा चमकायचा आणि टिश्यू स्वतःही निळसरच चमकतं, त्यामुळे फरक कळेना. मग लगेच १९४२मध्ये हिरवा चमकणारा फ्लुओरेसीन घेतला आणि उंदरांच्या टिश्यूत न्यूमोकॉकसचा अँटिजेन दिसला. म्हणजे आजच्या स्लाइडवरचा हिरवा रंग कुणाच्या आवडीने आलेला नाही, टिश्यूच्या निळसर चमकेतून वेगळा उठून दिसावा म्हणून आलाय.

तेव्हाचा फ्लुओरेसीन आयसोसायनेट बनवायला फॉस्जीन हा विषारी गॅस लागायचा, १९५८मध्ये फ्लुओरेसीन आयसोथायोसायनेट आला, म्हणजे आपला एफआयटीसी, आणि मग ही पद्धत सगळ्या लॅबमध्ये पोचली. एफआयटीसी अँटीबॉडीच्या लायसीनच्या अमीन ग्रुपला जोडला जातो. किती जोडायचा याला माप आहे, कमी झाला तर चमक नाही, जास्त झाला तर अँटीबॉडी जिथेतिथे चिकटायला लागते. सुमारे ४९५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश दिला की ५२०च्या आसपासचा हिरवा बाहेर टाकतो.

सी३ साठी अँटीबॉडी कशी मिळते? माणसाचा शुद्ध सी३ ससा किंवा बकरीला टोचतात, त्या प्राण्याला तो परका, तो अँटीबॉडी बनवतो, ती गाळून शुद्ध करून लेबल लावतात. लेबल थेट याच अँटीबॉडीला असेल तर डायरेक्ट पद्धत. पहिली अँटीबॉडी बिनलेबलची आणि तिला पकडणारी दुसरी लेबलवाली असेल तर इनडायरेक्ट, यात एकेका पहिलीवर अनेक दुसऱ्या बसतात म्हणून चमक वाढते पण गोंधळही वाढू शकतो. किडनी आणि स्किनला रोजच्या कामात डायरेक्टच चालते. चमकणाऱ्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलं (हे १९६६ च्या सुमाराचं काम) आणि डॅब नावाचं केमिकल घातलं तर तपकिरी रंग पडतो, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतो, स्लाइड वर्षानुवर्षं टिकते.

आणि कॉम्प्लिमेंटसाठी ही पद्धत नीट वापरून शरीरातच टिश्यूला चिकटलेलं कॉम्प्लिमेंट दाखवलं ते १९६२मध्ये, लॅखमन, म्युलर-एबरहार्ड, कुंकेल आणि पॅरोनेटो यांनी. तो पेपर जमला तर जरूर वाच.

लॅब टेक्निशियन आहे. आमच्याकडे कधीकधी बायॉप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच येतो आणि वर लिहिलेलं असतं "आयएफ करा" (इम्युनोफ्लुओरेसन्स, म्हणजे हीच चमकणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी). काय करायचं?

या प्रश्नाची मी वाट बघत होते. माझं ठाम मत आहे, या तपासणीचं निम्मं भवितव्य अँटीबॉडी बाटलीतून बाहेर पडायच्या आधी ठरतं, तुकडा शरीरातून निघाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. महागडी अँटीबॉडी, नवा मायक्रोस्कोप, सगळं नंतर.

फॉर्मॅलिन प्रोटीन्सना एकमेकांशी बांधून टाकतं, अँटीबॉडीला जिथे बसायचं ती जागा झाकली जाते, आणि दुसरं म्हणजे रक्तवाहिन्यांतला प्लाझ्मा आहे तिथेच गोठतो, त्यात ग्रॅम-ग्रॅमने सी३ असतो, तो धुऊन निघत नाही आणि मग सगळीकडे सी३ दिसतो. ताज्या गोठवलेल्या सेक्शनमध्ये हा मोकळा सी३ बफरने धुतला की जातो, चिकटलेला राहतो. म्हणून तर तीन वेळा धुवा म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागायचे.

एकदा एका तरुण पेशंटचा तुकडा असाच आला, सगळा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा काही नाही. त्याला पुन्हा सुई टोचावी लागली. पुन्हा अॅडमिट, पुन्हा ब्लीडिंगची भीती, घरच्यांची पुन्हा ती रात्र. चूक म्हटली तर एका बाटलीची. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तर आधी योग्य काय ते. तुकडा निघाल्यावर शक्यतो तिथल्या तिथे भिंगाखाली बघायचा, ग्लोमेरुलाय कॉर्टेक्समध्ये म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरात असतात त्यामुळे आयएफसाठीचा भाग कॉर्टेक्सचाच हवा, नुसता मेडुला (आतला भाग) पाठवून उपयोग नाही. लॅब शेजारीच असेल तर सलाइनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये लगेच आणायचा. वाळू द्यायचा नाही, वाळलेल्या कडा उगाच चमकतात. लॅब लांब असेल तर मिशेल्स मीडियममध्ये, हे १९७०च्या दशकापासून वापरात आहे, त्यात अमोनियम सल्फेट असतं आणि पीएच सातच्या जवळपास ठेवलेला असतो. ते फिक्सेटिव्ह नाही, प्रोटीन्स जागच्या जागी खाली बसवून ठेवतं एवढंच, काही दिवस तुकडा चांगला राहतो. पण गोठवण्याआधी बफरने नीट धुवायचा, मीठ उरलं तर स्टेन बिघडतो. आणि मिशेल्समधला तुकडा हिस्टोलॉजीला द्यायचा नाही, साध्या स्टेनला तो चांगला दिसत नाही, याची पण अदलाबदल होते बरं का.

गोठवायचा तो झटकन. लिक्विड नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये. साध्या डीप फ्रीजरमध्ये ठेवून हळूहळू गोठवला की बर्फाचे खडे होतात आणि सेक्शन चाळणीसारखं दिसतं. मग क्रायोस्टॅट उणे वीसच्या आसपास, तीन-चार मायक्रॉनचं सेक्शन, हवेत वाळवायचं, धुवायचं, अँटीबॉडी घालून ओलसर डब्यात अंधारात अर्धा तास, परत धुवायचं, ग्लिसरॉलच्या माउंटिंग मीडियमने कव्हरस्लिप. मीडियम किंचित अल्कलाइन असू द्या, अॅसिडिक झाला की एफआयटीसी मंदावतो.

आता तुमच्या प्रश्नावर, फॉर्मॅलिनमध्येच आलाय तर? वाट अगदीच बंद नाही. पॅराफिन सेक्शनवर प्रोनेज एन्झाइमने बांधलेल्या प्रोटीन्सची झाकलेली जागा मोकळी करून आयएफ करता येतं. आयजीजी, आयजीए, कॅपा, लॅम्डा (अँटीबॉडीतल्या लाइट चेनचे दोन प्रकार) बऱ्यापैकी दिसतात, पण सी३ यात कच्चा पडतो, ताज्या सेक्शनमध्ये छान दिसणारा सी३ इथे फिका किंवा गायब. त्यामुळे प्रोनेजनंतर सी३ दिसला नाही म्हणून "सी३ निगेटिव्ह" असं छातीठोक लिहू नका, पद्धत कुठली वापरली ते रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे.

मात्र याच प्रोनेजचा एक फार मोठा उपयोग पण आहे. ताज्या सेक्शनवर फक्त सी३ चमकतोय, इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडी) काहीच नाही, असं आलं की सगळ्यांच्या डोक्यात सी३ ग्लोमेरुलोपॅथी, म्हणजे मुख्यतः सी३ साचून होणारा किडनीचा आजार, येते. पण काही पेशंटमध्ये इम्युनोग्लोब्युलिन असतंच, झाकलेलं असतं, आणि प्रोनेजनंतर ते उघडं पडतं, बऱ्याचदा एकाच प्रकारची लाइट चेन. मग तो वेगळाच आजार निघतो, उपचार वेगळे. म्हणून फक्त सी३ आला की पॅराफिनवर एकदा बघून घ्या.

आमची लॅब सी३सी ची अँटीबॉडी वापरते, दुसरी लॅब सी३डी म्हणते. फरक काय?

सी३बी चिकटल्यावर तसाच बसून राहत नाही. फॅक्टर आय नावाचं एन्झाइम त्याला तोडतं, आधी आयसी३बी होतो, मग मोठा तुकडा सी३सी सुटून रक्तात जातो आणि चिकटलेला छोटा भाग मागे राहतो, सी३डीजी आणि शेवटी सी३डी. म्हणजे सी३सी दिसतोय तर काम हल्लीच चालू होतं किंवा चालूच आहे. नुसता सी३डी दिसतोय तर इथे पूर्वी कधीतरी काहीतरी घडून गेलंय. रोजच्या आयएफला सी३सी बहुतेक ठिकाणी वापरतात आणि ते ठीक आहे. फक्त कुठली अँटीबॉडी आहे ते बाटलीवर वाचा, दोन लॅबच्या रिपोर्टची तुलना करताना याचा विसर पडतो आणि पेशंटला उगाच वाटतं आजार गेला किंवा आला.

पाच वर्षांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालंय. आताच्या बायॉप्सीत "सी४डी पॉझिटिव्ह" आलंय. किडनी गेली का?

नाही, एवढ्यावरून अजिबात तसं म्हणता येत नाही. नीट सांगते.

नव्या किडनीच्या रक्तवाहिन्यांविरुद्ध तुमच्या शरीराने अँटीबॉडी बनवली तर ती त्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसते आणि कॉम्प्लिमेंटला जागं करते, त्यात सी४ हे साखळीतलंच दुसरं प्रोटीन तुटतं. सी४ मध्येही तोच थायोएस्टर, तोही तसाच चिकटतो, मग त्याचे तुकडे होऊन सी४सी निघून जातो आणि सी४डी मागे राहतो. अँटीबॉडी स्वतः बसते, निघते, तिचा पत्ता राहत नाही, पण हा सी४डी मात्र घट्ट बसलेला असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फॉइख्ट यांनी हे ट्रान्सप्लांट बायॉप्सीत दाखवलं आणि तोवर जे रिजेक्शन ओळखूच यायचं नाही ते ओळखता यायला लागलं. पुढे बॅन्फ वर्गीकरणात (ट्रान्सप्लांट बायॉप्सी वाचायचे जगभर वापरले जाणारे निकष) ते आलं.

तुमच्या डॉक्टरांना सी४डीसोबत अजून दोन गोष्टी बघायच्या असतात, मायक्रोस्कोपखाली त्या बारीक वाहिन्यांमध्ये सूज आहे का, आणि रक्तात डोनरविरुद्ध अँटीबॉडी आहे का. वेगळ्या रक्तगटाचं ट्रान्सप्लांट असेल तर सी४डी पॉझिटिव्ह असूनही किडनी उत्तम चालते असं नेहमी दिसतं. उलटही खरं, सी४डी निगेटिव्ह असूनही अँटीबॉडीमुळे होणारं रिजेक्शन असू शकतं, २०१३च्या बॅन्फ बैठकीपासून ते मान्य झालंय. आणि रिजेक्शन असलंच तरी उपचार आहेत. क्रिएटिनिन किती आहे, किती वेगाने बदललं, हे घेऊन लवकर डॉक्टरांना भेटा, मनात घोळत बसू नका.

लॅबवाल्यांसाठी एक ओळ, ताज्या सेक्शनवर पेरिट्यूब्युलर कॅपिलरींपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त चमकल्या तर पॉझिटिव्ह धरतात, पॅराफिनवर तपकिरी स्टेन केला तर थोडासाही चालतो कारण ती पद्धत कमी संवेदनशील आहे. आणि ताज्या सेक्शनमध्ये ग्लोमेरुलसच्या मेसँजियममध्ये सी४डी नॉर्मल किडनीतही दिसतो, तो तुमचा घरचाच कंट्रोल आहे, तोही दिसत नसेल तर स्टेनच फसलाय.

अंगावर मोठे फोड आलेत. डॉक्टरांनी फोडाची बायॉप्सी न घेता शेजारच्या चांगल्या कातडीची घेतली. चुकून तर नाही ना?

चुकून नाही, मुद्दाम. फोडाच्या आत सूज असते, तिथल्या पेशी अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट खाऊन टाकतात, कातडीचा वरचा थर सुटलेला असतो, पॅटर्न दिसत नाही. शेजारच्या एखाद्या सेंटिमीटरच्या आतल्या कातडीत आजार पोचलेला असतो पण मोडतोड झालेली नसते. बुलस पेम्फिगॉइड (स्वतःच्याच अँटीबॉडीमुळे फोड येणारा आजार) असेल तर तिथे वरच्या आणि खालच्या थरांच्या सांध्यावर एक सलग हिरवी रेघ दिसते, आयजीजी आणि सी३ ची, आणि बऱ्याचदा आयजीजी फिका असून सी३ ठसठशीत असतो. फोडाचा एक तुकडा साध्या स्टेनसाठी वेगळा घेतला असेलच, तो फॉर्मॅलिनमध्ये गेलेला चालतो.

एमडी पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या स्लाइडवर सगळंच हिरवं दिसतं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं ओळखायचं कसं?

सुरुवातीला सगळ्यांना असंच दिसतं ग. हळूहळू डोळा बसतो, पण डोळा बसेपर्यंत काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेव.

आधी कंट्रोल बघ, पेशंटची स्लाइड नंतर. पॉझिटिव्ह म्हणून पूर्वी नक्की झालेल्या केसचं टिश्यू, पॅराफिनवर सी३डी किंवा सी४डी करत असशील तर टॉन्सिल चांगलं, त्यातल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक सेल्सवर ही प्रोटीन्स असतात. निगेटिव्ह म्हणून अँटीबॉडी न घातलेलं सेक्शन, आणि त्याच पेशंटचं, दुसऱ्याचं नाही. कारण टिश्यूची स्वतःची चमक माणसागणिक वेगळी असते, वय झालं की पेशींत लिपोफ्युसिन साठतं, धमनीच्या भिंतीतला इलास्टिन चमकतो, लाल पेशी चमकतात. यांना ओळखायची साधी युक्ती म्हणजे फिल्टर बदलून बघ, एफआयटीसी फक्त स्वतःच्या फिल्टरमध्ये हिरवा दिसतो आणि टिश्यूची स्वतःची चमक बाकीच्या फिल्टरमध्येही कमी-जास्त दिसत राहते, रंगही जरा पिवळट असतो.

मग अँटीबॉडीचं डायल्यूशन. कंपनीच्या कागदावर आकडा असतो, तो सुरुवातीसाठी. १:१०, १:२०, १:४०, १:८० असं आपल्या टिश्यूवर आपल्या मायक्रोस्कोपवर करून बघायचं आणि जिथे पॉझिटिव्ह ठळक आणि निगेटिव्ह काळंभोर राहतं ते घ्यायचं. घट्ट अँटीबॉडी घातली की सगळं हिरवं, तुझं बहुधा तेच होतंय. नवी बाटली आली की परत करायचं, कंटाळा करायचा नाही.

आणि मग खरी पण बिनमहत्त्वाची चमक असते, ही सगळ्यात फसवी. छोट्या आर्टेरिओलच्या भिंतीत सी३ खूप वेळा दिसतो, विशेषतः वयस्कर आणि ब्लडप्रेशरच्या पेशंटमध्ये. ट्यूब्यूलच्या बेसमेंट मेम्ब्रेनला तुकड्यातुकड्याने दिसतो. वाळलेल्या ग्लोमेरुलसमध्ये आयजीएम आणि सी३ अडकून बसतात, ते फक्त गाळात अडकल्यासारखे, त्यांच्यामुळे आजार झालेला नसतो. सी३ तिथे आहे हे अगदी खरं, पण त्यावरून निदान करायचं नाही.

मला विचारशील तर मी तीन प्रश्न विचारायचे. कुठे आहे, मेसँजियममध्ये की कॅपिलरीच्या भिंतीवर? कसा आहे, दाणेदार की सलग रेघ? आणि सोबत कोण आहे? हा तिसरा सगळ्यात मोलाचा. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू (कॉम्प्लिमेंटच्या साखळीचं एक सुरुवातीचं प्रोटीन) असे पाचही हजर असतील तर डोक्यात आधी ल्युपस आला पाहिजे, याला फुल हाऊस म्हणतात. आयजीए पुढे आणि सी३ मागे असेल तर वेगळं. सी३ एकटाच, म्हणजे बाकी कुणाहीपेक्षा निदान दोन पायऱ्या जास्त ठळक असेल तर सी३ ग्लोमेरुलोपॅथीचा विचार, आणि त्यातला डेन्स डिपॉझिट डिसीज वेगळा काढायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतोच. सी१क्यू आहे म्हणजे क्लासिकल वाटेने, अँटीबॉडीपासून सुरुवात झाली असणार. नुसतं "सी३ पॉझिटिव्ह" एवढं लिहिलेला रिपोर्ट बघितला की मला वाईट वाटतं, कारण बघणाऱ्याने यापेक्षा जास्त बघितलेलं असतं आणि ते कागदावर आलेलं नसतं.

आयएफची स्लाइड किती दिवस टिकते?

अंधारात, चार डिग्रीला, काही दिवस ते काही आठवडे, आणि दर वेळी बघताना थोडी थोडी विझते. अँटीफेड मीडियम वापरा, पहिल्याच दिवशी फोटो काढा. उरलेला गोठवलेला तुकडा उणे सत्तर-ऐंशीला जपून ठेवा, तोच खरा ठेवा आहे.

भावाला एकुलिझुमॅब चालू आहे. परत बायॉप्सी करायचीय. औषधाने टिश्यूतला सी३ गेलेला दिसेल का?

बहुधा नाही, आणि ते औषध फेल गेल्याची खूण नाही.

एकुलिझुमॅब २००७मध्ये पहिल्यांदा मान्यता मिळालेलं औषध, सी५ ला धरून ठेवतं. साखळीत सी५ च्या आधी सी३ आणि सी४ येतात, त्यांचं काम औषध थांबवतच नाही, त्यामुळे सी३, सी४डी तसेच दिसू शकतात. थांबतं ते पुढचं, सी५बी-९, भोक पाडणारा शेवटचा गठ्ठा. त्यासाठी वेगळी अँटीबॉडी मिळते, आणि तिची खुबी अशी की ती सुट्या सुट्या प्रोटीन्सना ओळखत नाही, ती एकत्र जुळल्यावर जो नवा आकार तयार होतो फक्त त्यालाच ओळखते. म्हणून रक्तात सी९ फिरतोय तरी ती फसत नाही. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये स्नायूच्या बारीक कॅपिलरींवर आणि मायस्थेनियात नस आणि स्नायूच्या जोडावर कॉम्प्लिमेंटचं नुकसान असंच या गठ्ठ्यावरून दाखवलं गेलं. पण हा गठ्ठाही एकदा बसला की सावकाश जातो, त्यामुळे दिसला तर तो जुना की नवा हे एका बायॉप्सीवरून सांगणं अवघड.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. हे औषध स्वतःच एक आयजीजी कॅपा अँटीबॉडी आहे. सी३ ग्लोमेरुलोपॅथीच्या काही पेशंटमध्ये ते किडनीत जाऊन सी५ ला चिकटलेलं सापडलंय, आणि आपली लेबल लावलेली अँटीबॉडी त्यालाही धरते, कारण तिला आयजीजी आणि कॅपा एवढंच कळतं, ते भावाच्या शरीराचं की बाटलीतलं ते नाही कळत. माहीत नसलेल्या पॅथॉलॉजिस्टला वाटेल की एकाच प्रकारचं इम्युनोग्लोब्युलिन साचतंय म्हणजे नवाच आजार आला. बायॉप्सीच्या फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कुठल्या तारखेला झाला ते ठळक लिहायला सांगा, आणि डॉक्टर गडबडीत असतील तर तुम्ही स्वतः आठवण करा.